मनगटावरची नोंद

माणसाच्या प्रकृतीची नोंद त्याच्या स्वतःच्या अंगावर बांधून ठेवण्याची पद्धत शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे जात नाही, आणि तिच्या अलीकडेपणाचे कारण धातुकामात किंवा लेखनकलेत शोधण्यापेक्षा माणूस आजारी पडण्याची जागा कशी बदलत गेली यात शोधणे अधिक योग्य ठरते. जोवर माणूस आपल्या घरात आणि आपल्या माणसांत आजारी पडत होता, तोवर त्याला काय सोसते आणि काय बाधते हे सांगणारे कोणीतरी त्याच्या उशाशी असे. वैद्याच्या आणि पुढे फॅमिली डॉक्टरच्या स्मरणात त्या घराच्या दोन-तीन पिढ्यांची प्रकृती साठलेली असे. रणांगण, आगगाडी, कारखाना आणि मोटाररस्ता यांनी माणसाला या उशाशी बसणाऱ्या माणसांपासून दूर नेले, आणि बेशुद्ध अवस्थेत तो संपूर्णपणे अनोळखी हातांत पडू लागला. त्या हातांशी बोलणारे काहीतरी त्याच्या अंगावरच असावे, या गरजेतून आजचे वैद्यकीय कडे, लॉकेट आणि मोबाइलच्या कुलूपबंद पडद्यावरची आपत्कालीन नोंद निर्माण झाली.

या नोंदीचा पूर्वज म्हणजे सैनिकाचा ओळखबिल्ला, आणि तो जिवंत माणसासाठी नव्हे तर मेलेल्यासाठी घडवला गेला होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) मोठ्या हल्ल्यापूर्वी सैनिक कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्वतःचे नाव-गाव लिहून त्या कोटाच्या पाठीवर टाचून ठेवत, कारण आपले प्रेत कोणाचे हे घरच्यांना कळावे एवढीच त्यांची इच्छा असे. ही भीती निराधार नव्हती: व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलेल्या सुमारे १७ हजार सैनिकांपैकी सुमारे १३ हजारांची नावे कोणालाही सांगता आली नाहीत. १८७०च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात प्रशियाच्या सैनिकांना पत्र्याचे बिल्ले देण्यात आले, तेव्हा त्यांनी त्यांना ‘हुंडेमार्के’, म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातील परवान्याचा बिल्ला, असे नाव ठेवले. मराठीतही ‘बिल्ला’ हा शब्द परवानाधारक हमालाच्या दंडावरील आणि पाळीव कुत्र्याच्या गळ्यातील अशा दोन्ही पट्ट्यांसाठी वापरला जातो, त्यामुळे त्या नावातील सल मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फिलिपीन्समधील मोहिमेत मृत सैनिकांची ओळख पटवण्याचे काम पाहणारे लष्करी धर्मोपदेशक चार्ल्स पिअर्स यांनी प्रत्येक सैनिकाच्या गळ्यात चकती असावी असा आग्रह धरला. डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन सैन्याने ॲल्युमिनियमची गोल चकती मान्य केली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानेही तोच मार्ग धरला. १९१६ मध्ये दोन्ही सैन्यांनी एकाऐवजी दोन चकत्यांची पद्धत स्वीकारली: एक नोंदीसाठी काढून न्यायची आणि दुसरी प्रेताबरोबर राहू द्यायची. या व्यवस्थेत सैनिकाच्या प्रकृतीला जागा नव्हती. ती मिळवून दिली घोड्याच्या रक्ताने.

१८९० मध्ये बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करणाऱ्या एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी असे दाखवून दिले की, धनुर्वाताचे विष थोड्याथोड्या मात्रेत टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारे द्रव्य तयार होते आणि ते दुसऱ्या प्राण्याला टोचले असता त्याचेही रक्षण करते. हे द्रव्य म्हणजे प्रतिविष. ते मोठ्या प्रमाणावर मिळवण्यासाठी घोडे वापरले जाऊ लागले, कारण घोड्याच्या अंगातून एका वेळी अनेक लिटर रक्त काढता येते आणि त्यातील रक्तरस, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर पातळ भाग, ज्याला व्यवहारात सीरम म्हणतात, तो वेगळा करता येतो. परंतु घोड्याचा रक्तरस माणसाच्या शरीराला परका असतो. एकदा तो टोचल्यावर शरीर त्याची ओळख लक्षात ठेवते, आणि तोच पुन्हा टोचला गेल्यास काही माणसांत त्याविरुद्ध विलक्षण तीव्र प्रतिक्रिया उमटते: श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो आणि काही मिनिटांत मृत्यूही ओढवू शकतो. या घटनेला फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी बेला शिक यांच्यासह रक्तरसामुळे होणाऱ्या आजाराचा सविस्तर अभ्यास १९०५ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. मराठीत तिला अधिहर्षता म्हणतात. औषधाने माणूस वाचतो, पण औषधाची आठवण त्याच्या शरीरात राहते आणि ती बाहेरून दिसत नाही, ही गोष्ट वैद्यकाला प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य करावी लागली.

पहिल्या महायुद्धात या अदृश्य आठवणीला दृश्य खूण देण्याची वेळ आली. फ्लँडर्सची शेते शतकानुशतके घोड्याच्या लिदीने खतावलेली होती आणि त्या लिदीत धनुर्वाताचे जंतू मुबलक असतात. त्यामुळे १९१४च्या शरद ऋतूत ब्रिटिश जखमींमध्ये धनुर्वाताचे प्रमाण हजारामागे आठ-नऊपर्यंत पोहोचले. प्रत्येक जखमीला घोड्यापासून मिळवलेले प्रतिविष टोचण्याचा नियम लागू होताच हे प्रमाण झपाट्याने खाली आले. परंतु आघाडीवरून प्रथमोपचार केंद्राकडे, तिथून तळावरील रुग्णालयाकडे आणि मग जहाजाकडे जाणाऱ्या जखमीला टोचणी झाली आहे की नाही, हे पुढच्या डॉक्टरला कसे कळावे? त्यावर काढलेला उपाय अत्यंत साधा होता. टोचलेल्या सैनिकाच्या कपाळावर किंवा मनगटावर न पुसणाऱ्या जांभळ्या पेन्सिलीने धनुर्वाताच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर ‘टी’ लिहिले जाई. मॉर्फिन दिलेल्याच्या अंगावर त्याचप्रमाणे ‘एम’ लिहिला जाई. जखमेची माहिती लिहिलेले कार्डही सैनिकाच्या गणवेशाला बांधलेले असे, पण कार्ड चिखलात भिजे, फाटे, हरवे. कपाळ मात्र सैनिकाबरोबरच जाई. अंगावर वाहिल्या जाणाऱ्या वैद्यकीय नोंदीचा आरंभ दाखवायचा असेल, तर तो याच एका अक्षरात दाखवावा लागेल. ते वाचायला यंत्र लागत नव्हते, त्याचा अर्थ प्रत्येक परिचारिकेला ठाऊक होता, आणि ते कोणी लिहिले याबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. पुढील शतकात आलेल्या कितीतरी अधिक हुशार साधनांना या तीनपैकी एखादी गोष्ट साधता आली नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यान फ्रान्समध्ये गास्ताँ रामाँ यांनी धनुर्वाताच्या विषाची धार बोथट करून त्यापासून लस तयार केली. ही लस घेतलेल्या माणसाचे शरीर स्वतःच प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, बनवते; त्यामुळे जखम झाल्यावर त्याला घोड्याचा रक्तरस टोचण्याची गरज राहत नाही आणि लशीची एक लहानशी मात्रा पुरते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकाच्या बिल्ल्यावर ‘टी’ या अक्षरापुढे लस घेतल्याच्या वर्षाचे आकडे ठोकलेले असत, आणि त्या खुणेचा खरा अर्थ ‘याला लस दिली आहे, घोड्याचा रक्तरस देऊ नये’ असा होता. संपूर्ण युद्धात अमेरिकन सैन्यात धनुर्वाताचे फक्त १२ रुग्ण नोंदले गेले. मेलेल्याचे नाव सांगणारा बिल्ला आता जिवंत माणसाच्या उपचाराविषयी बोलू लागला होता, आणि त्याने उच्चारलेले हे महत्त्वाचे वाक्य निषेधाचे होते. या नोंदींच्या पुढील सर्व इतिहासात हेच दिसून येते की, काय द्यावे हे डॉक्टरला बहुधा समोरच्या रुग्णाकडे पाहून ठरवता येते, परंतु काय देऊ नये हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते. घोड्याच्या रक्तरसाचा हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेने पिंपरी येथे पाळलेल्या घोड्यांपासून प्रतिविषे तयार केली, आणि सर्पदंशावरील प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तापासूनच बनत असल्याने ते टोचताना ॲनाफिलॅक्सिसची तयारी ठेवणे ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरला भाग असते.

बिल्ल्यावरचे दुसरे अक्षर रक्तगटाचे होते, आणि त्याचा इतिहास इतका सरळ नाही. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात मानवी रक्ताचे गट असल्याचे दाखवले, तेव्हापासून परक्या गटाचे रक्त जीवघेणे ठरू शकते हे माहीत होते. म्हणून सैनिकाचा गट त्याच्या गळ्यातच लिहिलेला असणे शहाणपणाचे वाटले. प्रत्यक्षात मात्र हजारो सैनिकांची घाईघाईने केलेली तपासणी आणि बिल्ला ठोकणाऱ्या कारकुनाचा हात या दोन्ही ठिकाणी चुका होत, आणि डॉक्टर त्या अक्षरावर विसंबायला तयार नसत. अमेरिकेतून युरोपच्या आघाडीवर विमानाने पाठवले जाणारे रक्त म्हणूनच बहुतेकांना चालणाऱ्या ओ गटाचे असे. तरीही रक्तगटाच्या खुणेची मोहिनी ओसरली नाही. अणुयुद्धाच्या भीतीने ग्रासलेल्या अमेरिकेत शिकागोचे डॉक्टर अँड्र्यू आयव्ही यांनी नागरिकांच्या अंगावर रक्तगट गोंदवावा असा पुरस्कार केला. हेच आयव्ही न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्यात वैद्यकीय तज्ज्ञ म्हणून उपस्थित होते, आणि हिटलरच्या एसएस दलाच्या सैनिकांच्या डाव्या दंडाच्या आतील बाजूला रक्तगट गोंदलेला असे, ही गोष्ट त्यांच्या परिचयाची होती. इंडियाना राज्यातील लेक परगण्यात १९५२च्या जानेवारीत शाळकरी मुलांच्या छातीच्या डाव्या कुशीवर, पालकांच्या संमतीने, विजेच्या यंत्राने त्यांचा रक्तगट गोंदवण्यात आला. यूटा राज्याच्या काही भागांतही तसे झाले. बाँब पडल्यावर रक्तपेढ्या उद्ध्वस्त होतील, तेव्हा ही मुले आणि माणसे म्हणजेच चालत्याबोलत्या रक्तपेढ्या ठरतील, असा त्यामागील विचार होता. मुलाच्या देहाचा समाजाने साठा म्हणून केलेला हा हिशेब आज वाचताना मन विषण्ण होते. मोहीम काही वर्षांतच मंदावली. कातडीवर गोंदलेल्या अक्षरावर भरवसा ठेवून रक्त चढवण्यास डॉक्टरच राजी नव्हते.

त्यांची ही सावधगिरी किती योग्य होती, याचा सर्वांत बोलका पुरावा त्याच वर्षी मुंबईतून पुढे आला. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले की, जे नेहमीच्या चाचणीत ओ गटाचे भासते, परंतु ज्याच्याशी ओ गटाचे रक्तही जुळत नाही. ए आणि बी या गटांच्या खुणा ज्या मूळ घटकावर रचल्या जातात तो ‘एच’ नावाचा प्रतिजन, म्हणजे रक्तपेशीवरील ओळखीची खूण, या माणसांच्या पेशींवर नसतोच. ओ गटाच्या पेशींवर तो भरपूर असतो, आणि म्हणून अशा माणसाला ओ गटाचे रक्त चढवले तर त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे त्या पेशींवर तुटून पडतात. जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जाणारा हा गट भारतात सुमारे दहा हजारांत एका व्यक्तीत आढळतो. जगाच्या एका टोकाला मुलांच्या अंगावर कायमचे अक्षर गोंदले जात असताना दुसऱ्या टोकाला एका प्रयोगशाळेत असे सिद्ध होत होते की, काही माणसांसाठी तेच अक्षर मृत्यूचे आमंत्रण ठरू शकते.

दरम्यान नागरी जीवनातही बाहेरून न दिसणाऱ्या वैद्यकीय इतिहासाचा साठा माणसांच्या अंगात वाढत होता, आणि तो वाढवण्याचे काम आधुनिक औषधे करीत होती. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा पहिला रुग्णोपचार झाला. त्यामुळे मधुमेही माणूस जगू लागला, परंतु इन्सुलिनची मात्रा जास्त झाली किंवा जेवण चुकले तर त्याची रक्तशर्करा एकाएकी घसरू लागली. अशा वेळी त्याला घाम फुटतो, जीभ अडखळते, पावले डगमगतात आणि वागणे विचित्र होते. रस्त्यावरचा माणूस किंवा पोलीस त्याला दारूबाज समजतो, आणि मूठभर साखरेने सावरणारा रुग्ण कोठडीत दगावण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून डॉक्टर आपल्या मधुमेही रुग्णांना खिशात साखरेचे खडे आणि ‘मी मधुमेही आहे, दारू प्यालेलो नाही’ अशा आशयाचे कार्ड ठेवायला सांगू लागले. पेनिसिलिन आले आणि त्याच्याबरोबर पेनिसिलिनची ॲलर्जी आली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कॉर्टिसोन आले, जे दीर्घकाळ घेणाऱ्याला अपघातात त्याची जादा मात्रा न मिळाल्यास तो कोसळू शकतो. १९५४ मध्ये रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा माणसांवरील वापर मान्य झाला, आणि १९५८ मध्ये स्वीडनमध्ये हृदयाच्या ठोक्यांचे यंत्र प्रथमच पूर्णपणे शरीरात बसवले गेले. पूर्वीचा वैद्य नाडी, जीभ आणि त्वचा पाहून रुग्णाविषयी बरेच काही सांगू शके. या नव्या रुग्णाच्या जिवाला जपण्यासाठी सर्वांत आवश्यक असलेली माहिती मात्र त्याच्या नाडीत नव्हती, ती औषधाच्या चिठ्ठीवर होती आणि चिठ्ठी घरी राहिलेली असे.

या पार्श्वभूमीवर कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यातील टर्लॉक या शेतीप्रधान गावात १९५३ मध्ये जे घडले, त्याचे महत्त्व कळते. तेथील डॉक्टर मॅरियन कॉलिन्स यांची चौदा वर्षांची मुलगी लिंडा हिला झालेल्या एका जखमेनंतर धनुर्वाताचे प्रतिविष देण्याचे ठरले, आणि ते तिला सोसते की नाही हे पाहण्यासाठी त्वचेवर करण्यात आलेल्या नेहमीच्या चाचणीनेच तिला ॲनाफिलॅक्सिसचा इतका तीव्र झटका आला की ती मरणाच्या दारातून परतली. हे तेच घोड्याचे प्रतिविष होते, ज्यापासून सैनिकाला त्याच्या बिल्ल्यावरचे ‘टी’ हे अक्षर वाचवत असे; डॉक्टरच्या स्वतःच्या मुलीला मात्र असे कोणतेही अक्षर उपलब्ध नव्हते. घरापासून दूर असताना तिला पुन्हा तेच प्रतिविष टोचले गेले तर काय, या चिंतेने आईवडिलांनी आधी तिच्यासोबत चिठ्ठी देऊन पाहिली आणि मग तिच्या ॲलर्जी कोरलेले चांदीचे कडे घडवून घेतले. इतरांनाही त्याची गरज आहे हे ध्यानात येताच मॅरियन आणि त्यांच्या पत्नी क्रिसी यांनी १९५६ मध्ये ‘मेडिकअलर्ट’ ही ना-नफा तत्त्वावरील संस्था स्थापन केली.

या संस्थेचे खरे वैशिष्ट्य कड्यात नव्हते, कड्यामागे उभ्या केलेल्या व्यवस्थेत होते, आणि कॉलिन्स दांपत्याच्या कामाचे मोठेपण तिथेच आहे. कड्याच्या मागील बाजूस आजाराचे किंवा ॲलर्जीचे दोन-चार शब्द, सदस्याचा क्रमांक आणि एक दूरध्वनी क्रमांक कोरलेला असे. जगातून कुठूनही डॉक्टरने त्या क्रमांकावर फोन करावा, बोलण्याचा खर्च संस्थेने सोसावा, आणि रात्रंदिवस जाग्या असलेल्या कार्यालयातून त्या सदस्याची सविस्तर नोंद वाचून दाखवली जावी, अशी ही योजना होती. ज्या गोष्टीला क्षणाचाही विलंब चालत नाही ती धातूवर ठेवायची आणि जी गोष्ट लांबलचक आहे, बदलत जाणारी आहे, ती दूरच्या कपाटात ठेवून तिची किल्ली तेवढी मनगटावर बांधायची, ही विभागणी त्या काळाच्या मानाने फार दूरदृष्टीची होती. आजचे बहुतेक डिजिटल आरोग्य क्रमांक हीच विभागणी पुढे नेतात. फरक इतकाच की टर्लॉकच्या कपाटाजवळ एक जागा माणूस बसलेला होता.

या कड्यांचा प्रसार वाढला तसा नवा प्रश्न उभा राहिला. अनेक संस्था, दागिन्यांचे कारखाने आणि रुग्णसंघटना आपापली चिन्हे वापरू लागल्या, तेव्हा रुग्णवाहिकेतील माणसाने अंगावरचा दागिना कोणता आणि नोंद कोणती हे ओळखायचे कसे? १९६३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सहा कोनांच्या ताऱ्यात सापाने वेढलेली काठी दाखवणारे आपत्कालीन वैद्यकीय ओळखीचे सार्वत्रिक चिन्ह तयार केले आणि ते कोणालाही वापरायला मोकळे ठेवले. ही काठी ग्रीकांच्या आरोग्यदेवतेची, एस्क्लेपियसची. दहा वर्षांनी अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा विभागातील लिओ श्वार्त्झ यांनी त्यावरून रुग्णवाहिकांसाठी निळा तारा घडवला, आणि भारतातील रुग्णवाहिकांवर आज दिसणारा निळा सहा कोनांचा तारा त्याच वंशातला आहे. त्याच सुमारास युरोपात लोकप्रिय झालेले, स्वित्झर्लंडमधून आलेले ‘एसओएस टॅलिस्मन’ हे साधन वेगळ्या दिशेचे होते: फिरकीने उघडणारी पाणबंद लहानशी डबी आणि तिच्यात अनेक घड्या घालून ठेवलेली, नाव, रक्तगट, औषधे आणि नातेवाइकाचा पत्ता लिहिलेली कागदाची पट्टी. टॅलिस्मन म्हणजे ताईत. मंत्र किंवा यंत्र लिहिलेला कागद गुंडाळून तांब्या-चांदीच्या नळीत भरायचा आणि तो मुलाच्या गळ्यात किंवा दंडावर बांधायचा, ही महाराष्ट्रातील घराघरांत ओळखीची असलेली रचना या डबीशी तंतोतंत जुळते. ताईत अदृश्य शक्तीला उद्देशून लिहिलेला असतो आणि ही पट्टी अनोळखी माणसाला, एवढाच काय तो त्यांच्यातला भेद. लिहिणाऱ्याची काळजी दोन्हीकडे एकच आहे.

इलेक्ट्रॉनिक युगाने या नोंदीची क्षमता अमर्याद वाढवली, पण तिची वाचनीयता कमी केली. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘व्हेरिचिप’ या तांदळाच्या दाण्याएवढ्या, कातडीखाली बसवायच्या चकतीला परवानगी दिली. तिच्यात सोळा अंकी क्रमांक असे आणि विशिष्ट यंत्र जवळ धरले तरच तो वाचता येई. ते यंत्र ज्या रुग्णालयात नव्हते तिथे ती चकती असून नसल्यासारखी होती, आणि माणसांना जनावरांप्रमाणे क्रमांक टोचण्याची कल्पना लोकांना इतकी खटकली की विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी सक्तीने अशी चकती बसवण्यावर कायद्याने बंदी घातली. २०१० मध्ये तिची विक्री थांबली. याउलट २००५ मध्ये इंग्लंडच्या पूर्व भागातील रुग्णवाहिका सेवेत काम करणाऱ्या बॉब ब्रॉची यांनी लोकांना फक्त एवढेच सुचवले की, मोबाइलमध्ये जवळच्या नातेवाइकाचा क्रमांक ‘आयसीई’ (‘इन केस ऑफ इमर्जन्सी’, म्हणजे आपत्प्रसंगी) या अक्षरांखाली साठवावा. त्या जुलैतील लंडनच्या बाँबस्फोटांनंतर ही बिनखर्ची सूचना जगभर पसरली. २०१४ मध्ये ॲपलने आयफोनचे कुलूप न उघडता वाचता येणारी वैद्यकीय नोंद त्यात समाविष्ट केली. या दोन उपायांचे नाते व्हेरिचिपपेक्षा कपाळावरच्या जांभळ्या अक्षराशी अधिक जवळचे आहे.

भारतात या इतिहासाने एक विचित्र वळण घेतले आहे. येथील शाळेच्या, कचेरीच्या आणि वाहनपरवान्याच्या कार्डांवर रक्तगट जवळपास हमखास छापलेला असतो, म्हणजे सैनिकी बिल्ल्यावरचे जे अक्षर डॉक्टरांनी कधीच निर्णायक मानले नाही तेच येथे नागरी ओळखीचा भाग बनले. तो रक्तगट बहुधा कार्डधारकाने स्वतःच सांगितलेला असतो, आणि रक्त चढवण्यापूर्वी कोणतेही जबाबदार रुग्णालय नव्याने तपासणी करून रक्त जुळवून पाहतेच. परंतु कार्डधारक रक्त पातळ करणारी गोळी घेतो काय, त्याला पेनिसिलिन बाधते काय, तो इन्सुलिनवर आहे काय, ही अपघातकक्षाला खरोखर हवी असलेली माहिती त्या कार्डावर सहसा नसते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक देऊ केला आहे आणि त्यामागील नोंदी पाहण्यासाठी रुग्णाची संमती आवश्यक ठेवली आहे. खासगीपणाच्या दृष्टीने ही अट अत्यंत योग्य आहे. मात्र ही संमती सर्वसाधारणपणे मोबाइलवरून द्यायची असल्याने, बेशुद्ध माणसाच्या बाबतीत कॉलिन्स दांपत्याचा जुना प्रश्न, म्हणजे धातूवर काय ठेवायचे आणि कपाटात काय, जसाच्या तसा शिल्लक राहतो.

वैद्यकीय कडे येथे न रुजण्यामागे तंत्राहून खोल कारण आहे, आणि ते अपस्माराच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते. फेफरे किंवा आकडी या नावांनी ओळखला जाणारा हा आजार औषधांनी बहुतांश रुग्णांत आटोक्यात राहतो, तरीही हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती विवाहास पात्र नसल्याची तरतूद होती. १९९९ च्या दुरुस्तीने त्यातून अपस्माराचा उल्लेख वगळला गेला. ज्या मुलीचे लग्न कायद्यानेच अडू शकत होते, तिच्या आईने तिच्या मनगटावर आजाराचे नाव कोरून घ्यावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे ठरले असते, आणि कायदा बदलला तरी स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांची नजर त्याच दिवशी बदलली असे नाही. टर्लॉकच्या कड्याला जी मोकळीक लाभली ती महाराष्ट्रातील घरांना मिळवून द्यायची असेल, तर ते काम सोनाराचे किंवा संगणक अभियंत्याचे नाही.

वाचकाचा प्रश्नही येथे वेगळा आहे. अमेरिकेतील कडे प्रशिक्षित रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने वाचावे असे गृहीत धरते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, परंतु ती येईपर्यंतची मिनिटे बसस्थानकावरच्या, बाजारातल्या, लोकलच्या डब्यातल्या अनोळखी माणसांच्या हातात असतात, आणि त्यांतला कोणीतरी झटका आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतो, कोणी त्याच्या दातांत चमचा कोंबतो. या वाचकासाठी कोरायची नोंद इंग्रजी आद्याक्षरांची असून भागणार नाही. ती मराठीत, देवनागरीत आणि वैद्यकीय शब्दाविना असावी लागेल, आणि जागा कितीही अपुरी असली तरी तिच्यात एवढे बसू शकते: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत न थांबल्यास १०८ ला फोन करा.